भाकरीचा हक्क जाहीरनाम्यात मागच्या दाराने आलेला नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मानवी हक्क दिनाच्या निमित्ताने आपल्या दैनिकाच्या संपादकीय पानावर आलेला लेख मी दोनदा वाचला. लेखकाचा व्यासंग मोठा आहे आणि भाषणस्वातंत्र्य, धर्मस्वातंत्र्य व निष्पक्ष न्याय यांविषयीची त्यांची कळकळ खरी आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. परंतु संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यातील काम, अन्न, निवारा, औषधोपचार, विश्रांती आणि सामाजिक सुरक्षा यांविषयीची कलमे सोव्हिएत गटाची मर्जी राखण्यासाठी शेवटी जोडली गेली, ती मुळात हक्क नसून सदिच्छा आहेत आणि त्यांना हक्क म्हटल्यामुळे खऱ्या हक्कांचे मोल उतरते, हे त्यांचे प्रतिपादन मला मान्य नाही. त्यातील पहिला भाग इतिहासाला धरून नाही, आणि उरलेले दोन भाग आपल्याच राज्याच्या अनुभवाला धरून नाहीत. मी वकील नाही. नागपुरातील एका कार्यालयाच्या लेखा शाखेत मी ३४ वर्षे पगारबिले तयार केली. या विषयाशी माझा संबंध त्या पगारबिलांतून कसा आला, ते पुढे सांगतोच.

आधी इतिहास पाहू. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे आमसभेने हा जाहीरनामा स्वीकारला तेव्हा संयुक्त राष्ट्रांचे ५८ सदस्य होते. ४८ देशांनी बाजूने मत दिले, विरोधात एकही मत पडले नाही, ८ देश तटस्थ राहिले आणि दोन गैरहजर होते. त्या आठ तटस्थांमध्ये सोव्हिएत संघ, युक्रेन, बेलारूस, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि युगोस्लाव्हिया हे सहा देश होते. उरलेले दोन म्हणजे दक्षिण आफ्रिका आणि सौदी अरेबिया. ज्या गटाला खूश करण्यासाठी ही कलमे घातली असे म्हटले जाते, त्या गटाने जाहीरनाम्याला मतच दिले नाही, ही साधी गोष्ट लेखात यायला हवी होती.

ही कलमे शेवटी जोडली गेली, हेही खरे नाही. कॅनडाचे कायदेपंडित जॉन हम्फ्री यांनी १९४७ मध्ये तयार केलेल्या अगदी पहिल्या मसुद्यात ती होती. हम्फ्री यांच्यासमोर जगभरातील राज्यघटना आणि संस्थांनी पाठवलेले मसुदे होते. त्यांतला एक महत्त्वाचा मसुदा अमेरिकेतील कायदेपंडितांच्या संस्थेने महायुद्ध चालू असतानाच, १९४४ मध्ये, सिद्ध केला होता आणि पनामाने तो पुढे संयुक्त राष्ट्रांत मांडला. काम, शिक्षण, अन्न-निवारा आणि सामाजिक सुरक्षा यांचे हक्क त्यातही आहेत. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी आपल्या देशाच्या संसदेला दिलेल्या संदेशात रोजगार, पुरेसे अन्न, घर, आरोग्यसेवा व शिक्षण यांची दुसरी हक्कसनद मागितली होती. मेक्सिकोच्या १९१७ च्या राज्यघटनेत श्रमिकांचे हक्क रशियन क्रांतीच्या आधीच लिहिले गेले होते. लॅटिन अमेरिकेतील देशांनी ही परंपरा संयुक्त राष्ट्रांत नेली, आणि मसुदा समितीत चिलीचे एर्नान सांता क्रूझ यांनी तिची बाजू फार चिकाटीने लढवली. आपल्याकडे १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात नागरी स्वातंत्र्याच्या शेजारीच निर्वाहापुरते वेतन, कामाचे मर्यादित तास, म्हातारपण, आजारपण व बेकारी यांपासून संरक्षण अशी कलमे होती. मॉस्कोहून आलेल्या सूचनेवरून कराचीत ठराव होत नसत.

मग वाद कशावर झाला? वाद झालाच, आणि तो जोरदार झाला. पण तो ही कलमे असावीत की नसावीत यावर फारसा नव्हता, तर हा हक्क पुरवायचा कोणी, यावर होता. प्रत्येक कलमात राज्यसंस्थेचे कर्तव्य स्पष्ट लिहावे, असा सोव्हिएत प्रतिनिधींचा आग्रह होता. ब्रिटनला आर्थिक हक्क बंधनकारक कराराच्या बाहेर ठेवायचे होते. मानवी हक्क आयोगाच्या अध्यक्षा एलेनॉर रूझवेल्ट यांनी अमेरिकेची भूमिका अशी मांडली की, या हक्कांचा समावेश आम्हांला मान्य आहे, परंतु सरकारने स्वतः थेट कृती करून ते मिळवून द्यावेत असे बंधन त्यातून निघते, असे आम्ही मानत नाही. फ्रान्सचे रने कासँ यांनी यावर तोड काढली. काम, वेतन, अन्न, शिक्षण यांच्या कलमांच्या आधी एक छत्रीवजा कलम घालायचे, की समाजाचा घटक या नात्याने प्रत्येक व्यक्तीला सामाजिक सुरक्षेचा आणि आपल्या प्रतिष्ठेसाठी अनिवार्य असलेल्या आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा अधिकार आहे, आणि ते राष्ट्रीय प्रयत्नांतून व आंतरराष्ट्रीय सहकार्यातून, प्रत्येक राज्याच्या व्यवस्थेनुसार व साधनसंपत्तीनुसार प्रत्यक्षात यावयाचे आहेत. हेच आजचे २२ वे कलम. कासँ यांनी जाहीरनाम्याला चार खांबांच्या दर्शनी ओसरीची उपमा दिली होती, आणि २२ ते २७ ही कलमे त्यातला चौथा खांब आहेत. चौथा खांब शोभेसाठी कोणी उभा करत नाही.

लेखकाने 'साधनसंपत्तीनुसार' या शब्दावर बोट ठेवून म्हटले आहे की, जो हक्क तिजोरीवर अवलंबून आहे तो हक्कच नव्हे. मला वाटते, येथे त्यांची वाचनात गफलत झाली आहे. तो शब्द हक्क आहे की नाही हे ठरवत नाही. तो किती वेगाने पुरा करायचा, हे ठरवतो. १९६६ च्या आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात तर भाषा अधिक कडक आहे: उपलब्ध साधनांच्या कमाल मर्यादेपर्यंत, क्रमाक्रमाने. त्या करारावर देखरेख करणाऱ्या समितीने १९९० मध्ये स्पष्ट केले की, प्रत्येक हक्काचा एक किमान गाभा असतो आणि तो पुरवण्यात कसूर झाल्यास साधने नव्हती हे सिद्ध करण्याची जबाबदारी राज्यावर येते. आमच्या लेखा शाखेतही 'निधी उपलब्धतेनुसार' हा शेरा रोज पाहायचो. त्याचा अर्थ देणे रद्द झाले असा कधीच होत नव्हता. ते देणे थकबाकीत दिसत राही आणि पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात त्याला जागा द्यावी लागे.

नोव्हेंबर १९४८ मध्ये, म्हणजे पॅरिसमध्ये आमसभेची सामाजिक प्रश्न पाहणारी तिसरी समिती या कलमांवर शब्दाशब्दाने झगडत असताना, दिल्लीत आपली घटना समिती नेमक्या याच प्रश्नाला भिडली होती, आणि हा योगायोग मला फार मोलाचा वाटतो. मूलभूत हक्क न्यायालयात मागता येतील आणि निर्वाहाचे साधन, काम, वेतन, आरोग्य ही तत्त्वे 'मार्गदर्शक' राहतील, अशी विभागणी आयर्लंडच्या १९३७ च्या राज्यघटनेवरून आपण घेतली होती. १९ नोव्हेंबरच्या चर्चेत घटना समितीचे सदस्य के. टी. शहा यांनी या तत्त्वांना बँकेला सोयीचे होईल तेव्हा वटणाऱ्या धनादेशाची उपमा दिली. त्यांची तक्रार खरी होती. पण ती तक्रार आणि आपल्या लेखकाची तक्रार एक नव्हे. धनादेश आजच वटला पाहिजे, असे शहांचे म्हणणे होते. धनादेश लिहायलाच नको होता, असे लेखकाचे म्हणणे आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव लेखात दोनदा आले आहे, आणि दोन्ही वेळा व्यक्तिस्वातंत्र्याचे पुरस्कर्ते म्हणून. ते तसे होतेच. परंतु मार्च १९४७ मध्ये अखिल भारतीय शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीसाठी त्यांनी जे निवेदन तयार केले, त्यात महत्त्वाचे उद्योग, विमा आणि शेती राज्याच्या मालकीखाली असावी आणि ही आर्थिक रचना साध्या कायद्यात न ठेवता खुद्द राज्यघटनेत लिहावी, असा प्रस्ताव होता. त्याच्या स्पष्टीकरणात त्यांनी एक प्रश्न विचारला आहे, तो या सगळ्या वादाच्या मुळाशी जातो. बेकार माणसाला एका हाताने नोकरी देऊ केली, पण तीत वेतनाची, तासांची हमी नाही, संघटना करता येणार नाही, बोलण्याचे व धर्माचे स्वातंत्र्य वापरता येणार नाही अशा अटी असतील, आणि दुसऱ्या हाताने ही सारी स्वातंत्र्ये देऊ केली, तर तो काय निवडील? उपाशी राहण्याची, घर जाण्याची, मुलांची शाळा सुटण्याची धास्ती इतकी मोठी आहे की तो आपले मूलभूत हक्क सोडून देईल, हे बाबासाहेबांनी तेथे सांगितले आहे. म्हणजे आर्थिक हक्कांमुळे नागरी हक्क पातळ होतात, असे त्यांचे मत नव्हते. आर्थिक हक्क नसले तर नागरी हक्क विकले जातात, असे होते. पुढे मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांना तडजोड स्वीकारावी लागली, तेव्हाही ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात त्यांनी बजावले की, ही तत्त्वे मोडणाऱ्या सरकारला न्यायालयात जाब द्यावा लागला नाही तरी निवडणुकीत मतदारांसमोर द्यावाच लागेल. दीक्षाभूमीच्या शहरात बसून बाबासाहेबांचे अर्धेच म्हणणे छापले जावे, याचे मला वाईट वाटले.

लेखातील सर्वांत बोचणारा परिच्छेद २४ व्या कलमाविषयीचा आहे. कामाच्या तासांवर वाजवी मर्यादा आणि ठरावीक काळाने भरपगारी रजा, हा मानवी हक्क कसा असू शकतो, छळापासून मुक्ततेच्या पंक्तीला रजा बसवणे म्हणजे छळाची थट्टा आहे, असे तेथे म्हटले आहे. माझे आजोबा आणि वडील दोघेही या शहरातील कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. १८७७ पासून नागपूर गिरण्यांच्या भोंग्यावर उठत आणि झोपत आले; ते भोंगे बंद पडल्याला आता बरीच वर्षे झाली. आजोबांनी आपल्या थोरल्या मुलीच्या, म्हणजे माझ्या मोठ्या आत्याच्या लग्नाला तीन दिवसांचा खाडा केला. तीन दिवसांचे वेतन गेलेच, शिवाय परत आल्यावर त्यांच्या साच्यावर बदली कामगार उभा होता, आणि साचा परत मिळेपर्यंत त्यांना रोज सकाळी फाटकाशी जाऊन उभे राहावे लागले. आत्याच्या लग्नाची गोष्ट आमच्या घरात निघाली की आजी लग्नाविषयी बोलत नसे, त्या फाटकाविषयी बोलत असे. १९४८ मध्येच आपला कारखाने कायदा झाला. त्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, साप्ताहिक सुटी आणि वीस दिवस काम केल्यावर एक दिवस भरपगारी रजा हे लिहिले गेले. १९५१ च्या उन्हाळ्यात धाकट्या आत्याचे लग्न काटोलला झाले, तेव्हा वडील शिल्लक रजा टाकून गेले आणि पाचव्या दिवशी येऊन आपल्याच साच्यावर उभे राहिले. पॅरिसमध्ये २४ वे कलम लिहिणाऱ्यांना आमची आत्या ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण त्या कलमात काय लिहिले आहे, हे समजायला मला कोणत्याही भाष्याची गरज पडली नाही.

आता पैशाचा मुद्दा, जो लेखकाच्या मते निर्णायक आहे. नागरी हक्कांसाठी सरकारने फक्त हात आवरायचा असतो, आर्थिक हक्कांसाठी मात्र दुसऱ्याच्या खिशात हात घालावा लागतो, असे ते म्हणतात. मतदानाचा हक्क घ्या. मतदान केंद्रे, यंत्रे, कर्मचारी, बंदोबस्त, मोजणी, हे सारे कोणाच्या खर्चाने होते? निष्पक्ष न्यायाचा हक्क न्यायाधीशांच्या पगाराशिवाय, इमारतींशिवाय, सरकारी वकिलांशिवाय मिळतो काय? सिव्हिल लाइन्समधून जाताना उच्च न्यायालयाच्या खंडपीठाची दगडी इमारत दिसते. नागरी हक्क फुकट असतात असे त्या इमारतीकडे पाहून कोणी म्हणणार नाही, आणि त्या खर्चाबद्दल कोणाची तक्रारही नसावी. दोन्ही प्रकारच्या हक्कांना पैसा लागतो. कशासाठी खिशात हात घालायचा, याची आपल्याला सवय झाली आहे आणि कशासाठी झालेली नाही, एवढाच काय तो फरक आहे.

येथे माझी पगारबिले येतात. निवृत्तीपूर्वीच्या वर्षांत मी दरमहा शेकडो कर्मचाऱ्यांच्या पगारातून व्यवसाय कर कापत असे: महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५०० बरोबर जुळतात. फेब्रुवारीत कोणी ना कोणी खिडकीशी येऊन विचारीच, "साहेब, या महिन्यात शंभर जास्त कसे कापले?" मी त्यांना हिशेब समजावून सांगत असे. हा कर का लागला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असे. महाराष्ट्रात १९७५ मध्ये हा कर आणला गेला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. वि. स. पागे, जे दीर्घकाळ विधान परिषदेचे सभापती होते, त्यांच्या कल्पनेतून ही योजना निघाली. सांगली जिल्ह्यातील विसापूर भागात १९६५ मध्ये तिचा छोटा प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळाने तिला राज्यभर नेले, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, हे वाक्य तेव्हापासून मराठी माणसाच्या तोंडी आहे. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून ठरावीक रक्कम कापायची आणि ती खेड्यातल्या भूमिहीन मजुराच्या हजेरीपत्रकावर खर्च करायची, हे एखाद्या श्रीमंत देशाने नव्हे, दुष्काळाने कंबरडे मोडलेल्या एका राज्याने करून दाखवले. पुढे २००५ मध्ये देशाने जो रोजगार हमीचा कायदा केला, त्याला महाराष्ट्राचा हा अनुभव पायाभूत होता. साधनसंपत्ती नाही म्हणून कामाचा हक्क हा हक्कच नव्हे, असे म्हणणाऱ्यांना माझी ३४ वर्षांची पगारबिले हे माझे उत्तर आहे.

२००५ च्या त्या कायद्यातली एक बारीक तरतूद मला सर्वांत महत्त्वाची वाटते. काम मागणाऱ्याने अर्ज दिला की त्याला तारीख घातलेली पोचपावती द्यायची, त्या तारखेपासून १५ दिवसांत काम द्यायचे आणि दिले नाही तर बेकारी भत्ता द्यायचा. ज्यांनी ग्रामपंचायतीत अशी कामाची मागणी नोंदवली आहे, ते सांगतील की सगळी लढाई त्या पावतीसाठी असते. काम नंतर मिळते किंवा मिळत नाही. पण पावती मिळाली की माणूस विनंती करणारा राहत नाही, देणेकऱ्यासमोर उभा राहिलेला धनको होतो. सदिच्छा आणि हक्क यांतला फरक लेखकाने तत्त्वज्ञानात शोधला आहे. मला तो त्या कागदाच्या चतकोरात दिसतो.

याचा अनुभव मला घरातच आला. आमच्याकडे बारा वर्षे धुणीभांडी करणाऱ्या मावशींना मध्यंतरी दोन महिने रेशन मिळाले नाही. घरात चार माणसे, प्राधान्य कुटुंबाची शिधापत्रिका, २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे माणशी ५ किलो म्हणजे महिन्याला २० किलो धान्य. "काकाजी, मशीन अंगठाच नाही घेऊन राहिली," असे त्या म्हणाल्या आणि मला आपला उजवा अंगठा दाखवला. साबण, सोडा आणि राख यांत वर्षानुवर्षे बुडालेल्या त्या अंगठ्यावरच्या रेषा गुळगुळीत झाल्या होत्या, मधोमध एक चीर होती. चार घरची भांडी घासल्याची खूण हीच त्यांचे धान्य अडवण्याचे कारण झाली होती, हे पाहून मला रात्रभर चैन पडले नाही. मी एक अर्ज लिहिला. अंगठा जुळला नाही एवढ्या कारणावरून पात्र कुटुंबाला धान्य नाकारू नये अशा केंद्राच्या सूचना आहेत, कायद्याने जिल्हा पातळीवर तक्रार निवारण अधिकारी नेमला आहे, आणि कायद्यात किलोचा आकडा आहे, हे तिन्ही त्यात लिहिले. आवक खिडकीवर पोच द्यायला आधी नकार मिळाला. मावशी आणि मी तेथेच बाकावर दीड तास बसलो तेव्हा शिक्का उमटला. तिसऱ्या आठवड्यात त्यांना धान्य सुरू झाले. आधीच्या दोन महिन्यांचे ४० किलो मात्र आजतागायत मिळालेले नाही. तो २० चा आकडा कायद्यात नसता तर मी अर्जात काय लिहिले असते? 'गरीब बाई आहे, कृपा करावी' एवढेच.

आर्थिक हक्क वेगळ्या करारात ठेवण्याची बाजू खुद्द भारताने घेतली, हे लेखकाचे म्हणणे बरोबर आहे आणि ते मान्य केले पाहिजे. आयोगावर भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता होत्या. पहिल्या कलमात केवळ पुरुषवाचक शब्द जाऊन सर्व मानव असा शब्द आला तो त्यांच्या आग्रहाने; घटना समितीच्या मूलभूत हक्क उपसमितीवरही त्या होत्या, म्हणजे आयोगातला आणि दिल्लीतला असे दोन्ही वाद त्यांनी आतून पाहिले. तरीही जाहीरनाम्याचे रूपांतर बंधनकारक करारात करण्याची वेळ आली, तेव्हा आर्थिक हक्क न्यायालयात मागता येण्याजोगे नाहीत या कारणाने दोन वेगळे करार करावेत, या बाजूला भारत उभा राहिला, आणि १९५२ मध्ये आमसभेने तसा निर्णय घेतला. माझ्या मते ती चूक होती. नव्याने स्वतंत्र झालेल्या, रिकाम्या तिजोरीच्या देशाची भीती मी समजू शकतो, परंतु एकाच वर्गात मुलांच्या दोन रांगा लावल्या की मागची रांग मागेच राहते. दोन्ही करार १९६६ मध्ये एकाच दिवशी स्वीकारले गेले, १९७६ मध्ये अमलात आले आणि भारताने १० एप्रिल १९७९ रोजी दोन्ही मान्य केले. अमेरिकेने आर्थिक हक्कांच्या करारावर १९७७ मध्ये सही केली, पण अद्याप त्याला मान्यता दिलेली नाही. आणि व्यक्तीला थेट आंतरराष्ट्रीय समितीकडे तक्रार नेता यावी यासाठी २००८ मध्ये जो पूरक करार स्वीकारला गेला, त्यात भारत सामील नाही. लेखकाला सरकारला काही सुचवायचेच असते, तर हे सुचवता आले असते.

न्यायालये हे हक्क पेलू शकत नाहीत, ही समजूतही आता टिकणारी नाही. मुंबईच्या पदपथावर राहणाऱ्यांच्या प्रकरणात १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. शिक्षणाच्या हक्काला १९९३ मध्ये न्यायालयाने मान्यता दिली, २००२ मध्ये तो ८६ व्या दुरुस्तीने राज्यघटनेत आला आणि १ एप्रिल २०१० पासून त्याचा कायदा लागू झाला. एकेकाळचे मार्गदर्शक तत्त्व असे मूलभूत हक्क झाले. ज्या दक्षिण आफ्रिकेने १९४८ मध्ये मत देण्याचे टाळले, तिने वर्णभेदाची राजवट गेल्यावर १९९६ च्या राज्यघटनेत निवारा, आरोग्य, अन्न व पाणी यांचे हक्क लिहिले, आणि २००० साली ग्रूटबूम प्रकरणात तेथील घटना न्यायालयाने सांगितले की, अगदी उघड्यावर पडलेल्यांसाठी ज्यात काहीच तरतूद नाही, ते घरबांधणी धोरण वाजवी म्हणता येत नाही. न्यायालयाने घरे बांधून दिली नाहीत. सरकारला आपले धोरण पुन्हा लिहायला लावले. याहून अधिक न्यायालयाकडून कोणी मागत नाही.

आपल्या शहरात मानवी हक्क दिन बहुधा विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत येतो. यशवंत स्टेडियमपासून मोर्चे निघतात आणि कठड्यांपाशी अडवले जातात. अंगणवाडी सेविका, आशा स्वयंसेविका, विनाअनुदानित शाळांचे शिक्षक, धानाला आणि कापसाला भाव मागणारे शेतकरी, कंत्राटी सफाई कामगार असे लोक गडचिरोली-चंद्रपूरपासून रात्रीच्या गाडीने येऊन थंडीत रस्त्यावर बसतात. शांततेने एकत्र जमण्याचा हक्क जाहीरनाम्याच्या २० व्या कलमात आहे आणि ते जे मागतात ते २३ व्या आणि २५ व्या कलमात आहे. त्या रस्त्यावर बसलेल्या सेविकेला यातला पहिला हक्क खरा आणि दुसरा सदिच्छा, असे कोणी समजावून सांगू शकेल काय? २३ नोव्हेंबर १९९४ रोजी असाच मोर्चा घेऊन आलेल्या गोवारी समाजातील ११४ जण या शहरात चेंगराचेंगरीत मेले. त्यांत कितीतरी बाया आणि लेकरे होती. ते अनुसूचित जमातीच्या सवलती, म्हणजे शिक्षण आणि नोकरी मागायला आले होते. जगण्याचा हक्क आणि शिक्षणाचा हक्क अशा दोन वह्या करून त्या ११४ जणांची नोंद कोणत्या वहीत करायची, हे मला ठरवता येत नाही.

म्हणून माझी आपणांस एक विनंती आहे. पुढील अधिवेशनाच्या बातम्या देताना मोर्चांमुळे कोणते रस्ते बंद आहेत, हे आपण छापालच. वाहनचालकांना ते कळायला हवे. त्याच चौकटीत प्रत्येक मोर्चाची मागणी काय होती, कोणत्या कायद्याखाली होती, निवेदन कोणी स्वीकारले आणि त्याची तारखेसह पोच दिली की नाही, एवढ्या चार ओळी छापाव्यात. वर्षभराने त्याच दिवशी त्या निवेदनाचे काय झाले, हे आपल्या वार्ताहराने विचारावे. लागणारी टिपणे काढून देण्याचे काम मी आनंदाने करीन. मला आता वेळ आहे आणि तारखा जुळवण्याची सवय आहे.

कळावे.

आपला,
एक निवृत्त लेखापाल,
महाल, नागपूर